घरमालकिणीचा मुलगा

हॉस्टेलवर ‘घरमालक’ हा शब्द कोणत्या सुरात उच्चारला जातो हे मी सांगायला नको. फर्स्ट इयरला ज्यांना हॉस्टेल मिळालं नाही आणि गावात रूम करून राहावं लागलं, त्यांच्याकडे तर किश्श्यांचा साठाच असतो. पाणी सकाळी सहा ते साडेसहा, रात्री दहानंतर गेट बंद, मित्र मुक्कामाला आला की तोंडं वाकडी, आणि रूम सोडताना डिपॉझिटमधून ‘कलर’चे पैसे कापून घेणारे काका! या गप्पा रंगात आल्या की मी आपला गप्प बसतो. कारण मित्रांनो, माझी आई घरमालकीण आहे.

पुण्यात कर्वेनगरला आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वर दोन ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये चार मुलं, कॉट बेसिसवर. शिवाय धायरीला एक वन बीएचके फ्लॅट, तो एका फॅमिलीला दिलेला. बाबांची भोसरीची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होतो. कंपनीतून जे पैसे मिळाले त्यात बाबांनी हा फ्लॅट घेतला, उरलेलं कर्ज काढलं. तेव्हापासून घर चालतं ते मुख्यतः भाड्यावर. माझी इथली फी आणि मेसचं बिलही त्यातूनच येतं. म्हणजे मी इथे बसून तुमच्याबरोबर घरमालकांना नावं ठेवणं हे तसं खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखं!

हा लेख लिहायचं कारण दुहेरी आहे. एक तर तुमच्यातले बरेच जण पुढच्या वर्षी नोकरीला लागून पुण्या-मुंबईत भाड्याने राहणार. दुसरं म्हणजे आपल्या स्टाफमधले दोन-तीन सर आणि एक मॅडम मला हमखास विचारतात, “अरे, तुमच्याकडे भाड्याचं कसं काय करता? एक फ्लॅट घेऊन ठेवावा म्हणतोय.” दर वेळी कॉरिडॉरमध्ये उभं राहून जे सांगता येत नाही ते इथे सांगतो.

आधी आजीबद्दल. तिच्याशिवाय हा विषय सुरूच होत नाही.

आजीच्या मते भाडेकरू ठेवला म्हणजे घर गेलं. तिचं सासर म्हणजे सदाशिव पेठेतला वाडा, त्यात सात बिऱ्हाडं. कोणाचं भाडं नऊ रुपये, कोणाचं बावीस. आजोबांनी एका वर्षी कौलं शाकारायला जेवढे पैसे घातले तेवढं साती बिऱ्हाडांचं मिळून दोन वर्षांचं भाडं होत नव्हतं. मग शाकारणी थांबली, मग पावसात घरं गळायला लागली, मग बिऱ्हाडकरू म्हणायचे मालक लक्ष देत नाहीत, आणि मालक म्हणायचे भाडं वाढवा. दोघंही खरं बोलत होते. लहानपणी मला वाटायचं की हे आमच्याच वाड्याचं भांडण आहे. नंतर कळलं, अख्ख्या मुंबई-पुण्याचं तेच.

याचं मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. युद्धानंतर शहरात घरं कमी आणि माणसं फार, म्हणून भाडी वाढू नयेत यासाठी तो कायदा आला. त्यात ‘प्रमाणित भाडं’ ठरवताना १ सप्टेंबर १९४० या दिवशीचं भाडं धरलं गेलं. हेतू चांगलाच होता. पण ते भाडं तिथेच गोठलं, आणि सिमेंट, कौलं, सुताराची मजुरी काही गोठली नाही! डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की इतकी वर्षं भाडं असं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ करायची मुभा मिळाली. बावीस रुपयांवर ४ टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी पैसे. आजीला हे सांगितलं तेव्हा ती खूप वेळ हसत होती.

तिची दुसरी भीती १९७३ ची. जुन्या कायद्यातून सुटका म्हणून लोक भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’वर जागा द्यायला लागले होते. लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, जागेत हक्क नाही. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचं लायसन्स चालू होतं ते सगळे संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांनी ‘सहा महिन्यांसाठी’ म्हणून मागची खोली दिली होती त्यांची ती खोली कायमची गेली. आजीच्या ओळखीतलंच एक घर यात सापडलं. आमच्या आजीसारख्यांना भाडेकरूची धास्ती का, ते यावरून कळावं. ‘अकरा महिन्यांचंच अॅग्रीमेंट करा बरं का’ हा मंत्र जो तो पुटपुटत असतो, त्याच्यामागेही ही धास्ती आहेच.

आता या अकरा महिन्यांविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इथेच सगळे फसतात. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून लोकांनी युक्ती काढली की अकरा महिन्यांचा करा, स्टॅम्प पेपरवर टाइप करा, नोटरीचा शिक्का मारा, झालं! बाकीच्या राज्यांत हे चालत असेल, पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बुजवून टाकली आहे. अकरा महिने असोत की तीन वर्षं, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. आणि नोंदवायची जबाबदारी भाडेकरूची नाही, मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पाच हजारांना कोणी भीत नाही हे मला ठाऊक आहे. खरी मेख पुढच्या वाक्यात आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोपर्यंत मालक त्याच्या उलट सिद्ध करत नाही तोपर्यंत.

माझ्या मामाला २०१९ मध्ये याचा प्रत्यय आला. त्याचा फ्लॅट होता पिंपरीकडे. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिने, नोटरी, सगळं ‘रीतसर’. डिपॉझिट पन्नास हजार, त्यातले तीस रोख घेतलेले. मुदत संपली, माणूस जागा सोडेना. वर म्हणायला लागला की डिपॉझिट दोन लाख दिलं होतं, ते आधी परत करा, आणि भाडं आठ हजार ठरलं होतं, बारा नाही. मामा वकिलाकडे गेला. वकिलाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “रजिस्टर कुठंय?” मामा म्हणाला, नोटरी आहे ना! वकील म्हणाले, नोटरीने फक्त सह्या त्याच्या समोर झाल्या एवढंच कळतं. शेवटी नातेवाइकांनी मध्यस्थी केली, मामाने पदरचे ऐंशी हजार देऊन चावी घेतली. तो माणूस लबाड होता का? होता. पण त्याला लबाडी करायला जागा कोणी ठेवली?

याउलट करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, कलम २४ खाली अर्ज करता येतो. तिथे तो करारच त्यातल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. आजीच्या काळात हा दरवाजा नव्हता. आज आहे, पण तो उघडतो नोंदणीच्या किल्लीने.

आणि खर्च किती? आपण इंजिनिअर आहोत, मांडून बघू. भाडं पंधरा हजार, मुदत अकरा महिने, परत करायचं डिपॉझिट पन्नास हजार. अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं सुमारे ४,५८३. बेरीज १,६९,५८३. मुद्रांक शुल्क याच्या ०.२५ टक्के, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास, ते पुढच्या शंभराला पूर्ण करून पाचशे. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. आता हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन. एजंट लॅपटॉप आणि यंत्र घेऊन घरी येतो, त्याची मजुरी वेगळी. सगळं धरून दोन-तीन हजारांत काम होतं, आणि ते दोघांत वाटून घेतलं तर एका पिझ्झा पार्टीइतकं. मामाचे ऐंशी हजार आठवून बघा.

आमच्या वरच्या ब्लॉकला आई चारही मुलांच्या नावे एकच करार करते. मध्येच एखादा सोडून गेला आणि दुसरा आला की नवा करार. मुलं कंटाळतात, “काकू, उगाच कशाला?” म्हणतात. आई म्हणते, तुझं नाव कागदावर नाही तर तू कोण? पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ती ऑनलाइन भरते. त्यात तिला कसलाही संशय नसतो. ते तिच्या दृष्टीने गॅसच्या नोंदवहीसारखं काम आहे, करून टाकायचं.

आता डिपॉझिट. हा हॉस्टेलवरचा आवडता विषय, म्हणून जरा तिखट बोलतो. डिपॉझिट हे मालकाचे पैसे नाहीत. ते भाडेकरूचे पैसे आहेत, मालकाकडे ठेवायला दिलेले. बहुतेक मालक ते आल्या आल्या खर्च करतात आणि जून महिन्यात पोरगं रूम सोडतं तेव्हा हातात काही नसतं. मग ‘कलर’ निघतो, ‘नळ तुटला’ निघतं, ‘नवीन भाडेकरू आला की देतो’ निघतं. लबाडी नंतरची, आधी पैशाची तंगी. आईने यासाठी बँकेत वेगळं खातं काढलं आहे. आठ मुलांचं आणि धायरीचं डिपॉझिट त्यात पडून असतं, त्याला हात लावायचा नाही. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी घरी फार ओढाताण झाली, बाबा म्हणाले त्या खात्यातून महिनाभर घेऊ. आईने बहिणीच्या बांगड्या गहाण ठेवल्या पण ते खातं हललं नाही. मला तेव्हा आईचा रागच आला होता, हे खरं.

(केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं असं सुचवलं आहे. पण तो आदर्श नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू. आमची आई मात्र आधीपासून दोनच महिन्यांचं घेते.)

जागा ताब्यात देताना आणि घेताना फोटो काढा, हे दोघांच्याही फायद्याचं. भिंती, नळ, गिझर, खिडकीच्या काचा, मीटरचं रीडिंग. कोणत्या वस्तू दिल्या याची यादी करून दोघांच्या सह्या. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने, रोख घेतलं तर पावती. एवढं केलं की भांडायला फारसं काही उरतच नाही.

पैशाकडे वळतो, कारण सरांचा प्रश्न तोच असतो. ‘एक फ्लॅट घेऊन ठेवला की भाडं येत राहील’ हे ऐकायला गोड आहे. समजा फ्लॅट ३५ लाखांचा. पुण्यात मुद्रांक शुल्क साधारण ७ टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार (घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी). नोंदणी फी कमाल ३० हजार. पंखे, गिझर, ओट्याखालची कपाटं, जाळ्या मिळून ७५ हजार. झाले साडेअडतीस लाख. भाडं धरा बारा हजार. वर्षातला एक महिना जागा रिकामी जातेच, म्हणून अकरा महिन्यांचे १,३२,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स दीड हजार दरमहा, म्हणजे १८ हजार. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते १,८०० धरू. मिळकत कर ९ हजार, किरकोळ दुरुस्त्या ८ हजार. हातात राहिले ९५,२००. साडेअडतीस लाखांवर हे अडीच टक्केसुद्धा पूर्ण होत नाहीत! बँकेतली मुदत ठेव, जिला लोक नावं ठेवतात, ती याहून जास्त देते.

कर्ज काढून घेतला तर गंमत आणखी वाढते. २५ लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता सुमारे २१,७०० रुपये. भाडं बारा हजार. बाकी पावणेदहा हजार दरमहा खिशातून, वर मेंटेनन्स. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ असं जो बिल्डरचा सेल्समन सांगतो त्याला हे गणित कागदावर मांडायला सांगा. बाबांनी हेच केलं आणि पहिली चार वर्षं आम्ही धायरीच्या फ्लॅटला पोसत होतो, तो आम्हाला नाही. जागेची किंमत वाढते, भाडंही वाढत जातं, हे मान्य. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि हप्ता दर महिन्याला जातो. तेव्हा सर, घेत असाल तर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवूनच घ्या, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, सोसायटी झालेली इमारत बघा. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा क्रमांक टाकून तपासा, ती सोय मे २०१७ पासून आहे.

बिनभोगवटा शुल्काबद्दल एक गोष्ट पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे सोसायटीला ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्याला देत नाही, हेही हिशेबात धरा. आयकराचं मात्र तेवढं भ्यायचं कारण नाही. आलेल्या भाड्यातून भरलेला मिळकत कर वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के, पावत्या मागितल्या जात नाहीत. वरच्या उदाहरणात १,३२,००० मधून ९,००० गेले, राहिले १,२३,०००, त्याचे ७० टक्के म्हणजे ८६,१०० एवढंच उत्पन्न धरायचं. तरी लोक रोख भाडं घेऊन लपवतात आणि मग मामासारखे अडकतात.

आता माझा विषय, सिव्हिल. भाड्याच्या घरातली निम्मी भांडणं पाण्याची असतात हे मी तीन वर्षं शिकून नाही, सुट्टीत आईच्या मागे फिरून शिकलो. भिंतीला ओल आली की मालक काय करतो? रंग मारतो. सप्टेंबरमध्ये मारलेला रंग पुढच्या जुलैत पापुद्रे होऊन खाली. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं, ते वरून वाट काढत आलेलं असतं. आमच्या पुढच्या ब्लॉकच्या हॉलला डाग पडायचा तो गच्चीमुळे नव्हता, शेजारच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीच्या फटीमुळे होता. हे कळायला मिस्त्रीने बाथरूमच्या मोरीत बोळा कोंबून रात्रभर पाणी तुंबवून ठेवलं, सकाळी डाग ओला. फट भरायला खर्च झाला चार हजारांच्या आत. त्याआधी दोनदा रंगावर सत्तावीस हजार गेले होते, ते आधीच्या पेंटरच्या सल्ल्याने. गच्चीचंही तसंच. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यात जी गोलाई करतात, मिस्त्री तिला वाटा म्हणतात, ती तडकली की पहिलं पाणी तिथून शिरतं. मे महिन्यात एकदा हात फिरवून बघितलं तरी पावसाळा सुखाचा जातो.

विजेबद्दल हॉस्टेलवाल्यांना काय सांगणार! सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये इंडक्शन लावणारे वीर आपल्याकडे प्रत्येक मजल्यावर आहेत. आईने दोन्ही ब्लॉकना ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घेतला. आठवड्यातून दोनदा ट्रिप होतो आणि मुलं ओरडतात. ओरडू देत. अर्थिंग नीट नसलेल्या गिझरखाली आंघोळ करणारं पोर ओरडतही नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावला, खिडकी नाही किंवा थंडीत लावून घेतलेली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणसाला गुंगी येते आणि तो तिथेच पडतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रात येतात आणि आपण पान उलटतो. धायरीच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाने गिझर बाथरूममध्येच लावलेला होता. आईने ताबा घेतल्यावर पहिलं काम तो काढून बाहेर उघड्या ड्राय बाल्कनीत नेण्याचं केलं. प्लंबर म्हणत होता, “काय ताई, सगळ्यांकडे असाच असतो.” तुम्ही रूम बघायला जाल तेव्हा बाथरूममध्ये नजर टाका. आत गॅस गिझर दिसला तर तो बाहेर हलवायला सांगा, नाहीतर दुसरी रूम बघा. भाडं पाचशेने कमी असलं तरी.

शेवटी एक नाजूक गोष्ट, जी लिहू की नको असं करत होतो. माझ्या वर्गातल्या एका मित्राने इंटर्नशिपसाठी पुण्यात रूम शोधली. सहा ठिकाणी त्याला आडनाव विचारलं, आणि सहाही ठिकाणी जागा ‘आत्ताच गेली’. सातव्या ठिकाणी त्याने मला पुढे केलं आणि जागा रिकामी निघाली! तो हसत होता, मला हसू येत नव्हतं. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त आमच्यातले’ अशी चाळणी लावणाऱ्या मालकांना वाटतं की आपण धोका कमी केला. मामाचा तो भाडेकरू मामाच्याच जातीचा, शुद्ध शाकाहारी आणि एकादशी करणारा होता. आई फक्त तीन गोष्टी बघते: कॉलेजचं किंवा नोकरीचं ओळखपत्र, आईवडिलांचा फोन नंबर, आणि आधी जिथे राहत होता तिथल्या मालकाशी एक फोन. आजीला हे सुरुवातीला पटलं नाही. बरीच वर्षं कुरकुर केली. आता वरच्या ब्लॉकमधला मिरजेचा एक मुलगा, मुस्लिम आहे, तिला दर आठवड्याला डोळ्यांचे थेंब घालायला खाली येतो आणि ती त्याच्या नावाने आईकडून शिरा करून घेते.

मालक त्रास द्यायला लागला तर काय, हेही विचारतात. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हुसकून लावणं कायद्याला मान्य नाही, मुदत संपलेली असली तरी कुलूप तोडून सामान बाहेर फेकता येत नाही. त्यासाठी वर सांगितलेला अर्जाचा रस्ता आहे. आणि तुमच्या बाजूने, नोटीस एक महिन्याची ठरली असेल तर ती लेखी द्या, निदान मेसेज करा. परीक्षा संपल्यावर रातोरात बॅगा भरून गेलेली मुलंही आम्ही पाहिली आहेत. त्यातला एक आमच्या गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक काढून घेऊन गेला. कशासाठी, हे आजवर कळलेलं नाही.

सध्या मागच्या ब्लॉकमध्ये दोन कॉट रिकाम्या आहेत आणि तिथल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचा संशय आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती फरशी उकरायची ठरली आहे. ज्या कोणाला वॉटरप्रूफिंगचं प्रॅक्टिकल करायचं असेल त्याने माझ्या रूमवर येऊन नाव द्यावं. आई जेवायला घालते, आणि फराळाचाही डबा देईल.